अंबुहिमेनाच्या वेशीबाहेर

बॉबलिंगेन
शनिवार, ७ जून २०२५, संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं

ताई,

आत्ता मी वजन करत होतो. आधी काट्यावर एकटा उभा राहिलो, मग बॅग घेऊन, आणि वजाबाकी केली. पाठीवरची सॅक वेगळी मोजली. तिच्यात नाइना आहे. डब्यासकट तीन किलो सहाशे. हा आकडा तुला लिहावा की नाही यावर चहा गार होईपर्यंत विचार केला. लिहिला, कारण यापुढे तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय.

फोन तू उचलत नाहीस, मेसेजवर दुसरी टिक येत नाही. म्हणून पत्र. लुडविग्सहाफेनच्या जुन्या पत्त्यावरच टाकतोय. तुझा शेवटचा मेसेज दोन एप्रिलचा आहे : "नाइनाला घरी पोचव. मग बोल." पुढच्या शनिवारी मी निघतोय.

कागद सगळे झाले. मृत्यूचा दाखला, त्याचं फ्रेंच भाषांतर, राख देशाबाहेर न्यायचा परवाना, डबा सीलबंद असल्याचं अंत्यविधीवाल्या कंपनीचं पत्र. प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती वेगवेगळ्या पाकिटांत ठेवल्यात. आमच्या गोदामातला मुकादम, माइस्टर, म्हणतो, "माल चुकला तर परत मागवता येतो, कागद चुकला तर तूच अडकतोस." ट्रेनिंगचं दुसरं वर्ष चालू आहे, एवढं तरी शिकलो.

नाइनाच्या गावी, अंबुहिमेनाला, मियालीला कळवलंय. तुला आठवत असेल, नाइनाची चुलतबहीण. जर्मनीत मुलं सांभाळायच्या कामावर यायचंय म्हणून जर्मन शिकतेय ती. मी लिहिलं, "नाइनाला घेऊन पंधरा तारखेला येतोय." तिने विचारलं, "किती माणसं लागतील?" मी लिहिलं, "मी एकटा पुरेसा आहे." त्यानंतर तिने काही विचारलं नाही. बाकीचं समोर गेल्यावर सांगेन. अशा गोष्टी मेसेजवर सांगू नयेत.

बाबांना यातलं काही माहीत नाही. मी आठवडाभर वोल्फ्सबुर्गला मित्राकडे, देवदत्तकडे जाणार आहे असं सांगितलंय. ते म्हणाले, "जा जा, चार मोठ्या माणसांच्या ओळखी होतील." तुमच्या लग्नाला दोन वर्षं झाली, पण नाइनाला ते कधी जावई म्हणाले नाहीत, तू जाणतेसच. "नाव तरी पुरुषाचं आहे का ते?" एवढंच विचारायचे. तो गेल्याचं कळलं तेव्हा मात्र जेवले नाहीत, आई सांगत होती. हे खरं आहे, त्यांची बाजू घेण्यासाठी लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायचीच आहे. त्यांच्यात जाळत नाहीत हे मला माहीत नव्हतं गं. अकरा मार्चला नाइनाच्या बस डेपोतून तो गेल्याचा फोन आला तेव्हा तुला सातवा महिना होता, तुझं ब्लडप्रेशर खाली येत नव्हतं, डॉक्टर तुला खाटेवरून उठू देत नव्हते. सगळं मला एकट्याला करायचं होतं. आपल्याकडे माणूस गेल्यावर जे करतात ते मी केलं. चांगलं म्हणूनच केलं. एवढं तरी मान.

बाळाचं नाव ओवी ठेवल्याचं आईकडून कळलं. फोटो आईने पाठवला नाही, तू बजावलं असशील. बरोबर आहे.

पुष्कर


अंबुहिमेना
बुधवार, १८ जून २०२५, सकाळी

ताई,

इथून टाकलेलं पत्र तुला कधी मिळेल याची खात्री नाही, म्हणून लिहून सोबत ठेवतोय. बॉबलिंगेनला पोचलो की टाकीन.

विमानतळाचं आधी सांगतो.

बाहेर अकरा माणसं उभी होती. सगळ्यांच्या अंगावर ठेवणीतले कपडे, पुरुषांच्या डोक्यावर गवताच्या हॅट. मागे एक भाड्याची मिनीबस आणि तिच्या टपावर नवी कोरी चटई, दोन्ही टोकांना दोरखंड बांधलेला. मी हात केला. मियालीने ओळखून हात केला. दोन तरुण पोरं मला ओलांडून पुढे गेली आणि दाराशी उभी राहिली. माझ्या मागून ढकलगाडीवर पेटी येईल म्हणून ती आत बघत होती.

मियाली जर्मनमध्ये म्हणाली, "आल्झो, नाइना कुठे आहे? सामानाच्या दाराकडे जायचं का?"

मी सॅक पुढे घेतली आणि चेन उघडली.

तिला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ती भाषांतर करेना. नाइनाच्या आईने तिला तीनदा विचारलं. नाइनाच्या आईला इथे सगळेच नेनी म्हणतात, म्हणजे आईच. चौथ्यांदा विचारल्यावर मियालीने खाली बघून दोन-तीन शब्द सांगितले. नेनी रडल्या नाहीत. त्यांनी सॅकमध्ये हात घातला, डब्याच्या झाकणाला बोटं लागली आणि तापल्या भांड्याला लागल्यासारखा हात मागे आला. टपावरची चटई रिकामीच परत आली. वाटभर वाऱ्याने फडफडत होती. गाडीत एका बाईने केळं दिलं, तेही न बघता.

गाव बघितल्यावर मला भोर आठवलं. तू आणि मी रोहिड्यावर चढायचो तसाच चढ, फक्त माती तांबडी. खाली भाताची खाचरं एकाखाली एक उतरत गेलेली. इथल्या भाषेत अंबुहिमेनाचा अर्थच तांबडी टेकडी. माथ्याभोवती खंदक आहे, इतका जुना की त्यात मोठमोठी झाडं वाढलीत. दरवाजा दगडी आणि त्याच्याशेजारी उभा ठेवलेला एक गोल सपाट दगड, जात्याच्या पाळीसारखा, पण माणसाहून उंच. रात्री वीस माणसं मिळून तो दारावर लोटायची, सकाळी परत सरकवायची. आत कुठल्याशा छोट्या राजाचं काळ्या लाकडाचं घर अजून आहे. रविवारी राजधानीतून लोक बघायला येतात आणि मियाली त्यांना फिरवून चार पैसे मिळवते.

पण मला दरवाजातून आत घेतलं नाही. म्हणजे मला घेतलं, डब्याला नाही.

दरवाजात नाइनाचे मोठे काका उभे होते. त्यांना सगळे दादातुआ म्हणतात. सत्तरीचे, सडपातळ, अंगावर पांढरी शाल. त्यांनी सॅककडे बघितलं आणि मियालीला म्हणाले, ते तिने मला शब्दाला शब्द सांगितलं, "वाईट माणसाला आम्ही घराण्याच्या थडग्यात घेत नाही. आमच्यात याहून मोठी शिक्षा नाही. माझ्या पुतण्याचा गुन्हा काय होता?"

डबा वेशीबाहेर एका शेतघरात ठेवला. नेनी तिथेच त्याच्यापाशी चटई टाकून राहिल्यात. तीन दिवस झाले.

काल गावातली माणसं बसून माझं काय करायचं ते ठरवत होती, तेव्हा मियाली मला राजाचं घर दाखवायला घेऊन गेली. तिला राग आलाय, पण पाहुणा म्हणून सोडताही येत नाही.

"उजवा पाय आधी," ती म्हणाली. "बाहेर पडताना उलटं चालायचं, पाठ फिरवायची नाही. थडग्यांकडे बोट दाखवायचं नाही. दाखवायचंच तर मुडपून."

मी विचारलं, "नाइनाच्या वडिलांचं कुठलं?" आणि सरळ बोट केलं. शेजारून जाणाऱ्या म्हाताऱ्या बाईने माझं बोट धरून दुमडलं, आणि काहीतरी पुटपुटत निघून गेली.

"काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाल्या, याला घरी कोणी शिकवलं नाही." मग मियाली म्हणाली, "तू गोदामात काम करतोस ना? माल पाठवण्याआधी, तो कसा हवाय हे घेणाऱ्याला विचारत नाहीत तुमच्याकडे?"

"विचारतात."

"गेनाऊ, तेच तर," ती म्हणाली, आणि उलटी चालत दाराबाहेर गेली.

संध्याकाळी दादातुआंनी मला बोलावलं. बरीच माणसं होती. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हाडं आहेत का?"

मी म्हणालो, "आहेत."

मग मी आजोबांचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी भोरच्या स्मशानात राखेतून अस्थी कशा वेचल्या, दूध-पाण्याने धुतल्या, मडक्यात ठेवल्या आणि तू आणि मी बाबांबरोबर सोडायला गेलो. "जळतं ते मांस," मी सांगितलं, "हाडं राहतात. आम्ही ती मानाने ठेवतो." मियाली सांगत होती आणि मी पहिल्यांदाच कोणाच्या तरी चेहऱ्यावरचा ताण उतरताना बघत होतो.

त्यांच्यात काही वर्षांनी थडगं उघडून मेलेल्यांना बाहेर काढतात, नव्या रेशमात गुंडाळतात, त्यांना उचलून नाचतात, गावातल्या बातम्या सांगतात आणि परत ठेवतात. तुला माहीत आहे हे. दादातुआ म्हणाले, "त्या वेळी आमच्याही हातात हाडंच येतात. हाडं आली असतील तर तो आला. फक्त लवकर आला."

शनिवारी रेशमात गुंडाळायचं ठरलंय. नेनी मला बघून पहिल्यांदा हसल्या. त्यांनी ओवीचा फोटो मागितला. मी मोबाइल काढला आणि उगाचच बोट सरकवत राहिलो. मग मियालीला सांगितलं, माझ्याकडे नाही. नेनींनी विचारलं, "मामा ना हा?" मियालीने हो म्हटलं.

पुष्कर


अंबुहिमेना
शनिवार, २१ जून २०२५, दुपारचे चार

ताई,

आज झालं ते जसंच्या तसं लिहितो. मागेपुढे केलं तर मला परत लिहिता येणार नाही.

सकाळी शेतघरापुढे चाळीसेक माणसं जमली. मोठ्या पातेल्यांत भात शिजत होता. जमिनीवर चटई, तिच्यावर रेशीम पसरलेलं. हे रेशीम खरखरीत असतं, मातीच्या रंगाचं. नेनींनी त्यासाठी किती दिवसांपासून पैसे साठवले होते ते मियालीने मला सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही.

दादातुआ मला म्हणाले, "तू बंद केलास, तूच उघड."

डब्याचं झाकण दाबून बसवलेलं असतं. वर नाइनाचं नाव, जन्मतारीख, मृत्यूची तारीख, स्मशानाचं नाव. मी स्क्रूड्रायव्हर कडेने फिरवत गेलो. लोक वाट बघत होते. एका लहान मुलीला तिच्या आईने उचलून घेतलं होतं, दिसावं म्हणून.

झाकण निघालं. आत पूड होती. फिकट करड्या रंगाची, रांगोळीपेक्षा थोडी जाड. तिच्यावर एक भाजलेल्या मातीची चकती.

दादातुआंनी ती चकती दोन बोटांत उचलली. "हे हाड?"

"नाही," मी म्हणालो. "तो नंबर आहे. अदलाबदल होऊ नये म्हणून ठेवतात."

त्यांनी डब्यात बघितलं. मग हात घातला, तळापर्यंत. मनगटापर्यंत राख लागलेला हात बाहेर आला. त्यात काही नव्हतं.

"तू म्हणालास हाडं आहेत."

"आमच्याकडे असतात."

"हा तुमच्याकडचा आहे?"

मियालीने हे भाषांतर केलं तेव्हा तिचा आवाजही त्यांच्यासारखाच झाला होता. मी म्हणालो की जर्मनीत जाळल्यावर जे उरतं ते दळतात. सगळीकडेच. नियमच आहे.

मियाली म्हणाली, "हे मी सांगणार नाही."

"अगं, पण ते विचारतायत..."

"तू सांग. मी या माणसांत राहते. मी हा शब्द नेनींसमोर उच्चारणार नाही."

ताई, मला त्यांची भाषा येत नाही. मी हाताने जातं फिरवून दाखवलं. चाळीस माणसांसमोर, नेनींसमोर. एकदा दाखवून भागलं नाही, मागच्या माणसांना कळलं नव्हतं. दुसऱ्यांदा दाखवलं.

मागे कोणीतरी बाई ओरडली. दादातुआ डब्यापासून दूर झाले, हात धुतले आणि लोकांकडे वळून बोलले. जो माणूस समुद्रात बुडतो किंवा लढाईत हरवतो, ज्याचं शरीर परत येत नाही, त्याच्या नावाने शेतात उभा दगड रोवतात. नाइनासाठीही दगड रोवू. म्हणजे नाइना आला नाही असं धरायचं. बायका रेशमाची घडी घालायला लागल्या.

नेनी म्हणाल्या, "तो आलाय."

एवढंच. दादातुआ काहीतरी समजावत होते, त्या ऐकतच नव्हत्या. त्यांनी घडी सोडवली, रेशीम परत पसरलं आणि माझ्याकडे बघून मियालीला काही सांगितलं.

मियाली म्हणाली, "आडवा हो. रेशमाच्या शेजारी, चटईवर."

"का?"

"त्यांना माप हवंय. नाइना तुझ्याहून उंच होता ना?"

"वीतभर."

मी आडवा झालो. वर आभाळ इतकं निळं होतं की डोळे मिटावे लागले. नेनी माझ्या डोक्याशी बसल्या. डब्यातून ओंजळीने राख घेऊन त्यांनी रेशमावर माझ्या कपाळाच्या समोर ठेवली. मग गळ्याच्या समोर, मग छातीच्या. दोन्ही खांद्यांच्या, हातांच्या. माझ्या अंगाला त्यांनी कुठेही हात लावला नाही, फक्त बघून अंदाज घेत होत्या. सारखं बोलत होत्या, माझ्याशी नाही. गुडघ्यांपाशी आल्या तेव्हा राख कमी पडेल असं वाटून त्यांनी मुठी लहान केल्या. शेवटी माझ्या पायांच्या पुढे एक वीत मोजून तिथे पावलं ठेवली.

सगळ्यांनी मिळून रेशीम गुंडाळलं, सात ठिकाणी बांधलं. गाठोडं लांबीला पुरं झालं, पण छत्रीएवढंच बारीक. मग त्या विमानतळावरच्या पोरांपैकी एकजण म्हणाला, "नाइनाला जर्मनीत वहिनीने जेवायला घातलं नाही वाटतं." आधी कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळे हसले, नेनीही. त्यांच्यात त्या दिवशी मेलेल्याची चेष्टा करायचीच असते. नंतर मियालीने मला सांगितलं. मी मात्र चटईवर तसाच पडून होतो, उठ म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

नेनी गाठोडं छातीशी धरून चालायला लागल्या. त्यांना अडवणं दादातुआंना जमलं नाही. नेनींनी ते गावाच्या दक्षिणेकडच्या दारातून आत नेलं. मेलेले तिकडूनच येतात. थडगं म्हणजे जमिनीत अर्धी गाडलेली दगडी खोली, आत तिन्ही बाजूंना फळ्यांसारखे दगडी ओटे. नाइनाच्या वडिलांच्या शेजारी जागा होती, मी दारातून बघितली. दादातुआंनी तिथे ठेवू दिलं नाही. दाराच्या आत, खाली जमिनीवर ठेवलं. पुढच्या वेळी थडगं उघडेल तेव्हा, तीन वर्षांनी, सगळी वडीलधारी मंडळी बसतील आणि त्याला वर घ्यायचं की नाही ते ठरवतील.

मग दादातुआंनी मला अटी सांगितल्या. त्या दिवशी नाइनाच्या बायकोने आणि मुलीने यायचं. गाठोडं त्यांनी उचलायचं. आणि ज्याने हे केलं त्याने एक बैल द्यायचा. तो कापून सगळ्या घराण्याला जेवण घातल्याशिवाय असा दोष जात नाही.

मियालीने घाईने मला बाजूला घेतलं. "तुमच्यात चालत नाही ना हे? मी सांगू का त्यांना? कदाचित तांदूळ चालतील."

मी म्हणालो, "नको. बैल देईन म्हणून सांग."

पुष्कर


बॉबलिंगेन
रविवार, २९ जून २०२५

ताई,

तिन्ही पत्रं परत वाचली. पहिल्यात मी लिहिलं होतं की काही लपवणार नाही. ती तिन्ही आणि हे, अशी चारही पत्रं एकाच पाकिटात घालतोय, कारण पहिलं मी त्या दिवशी टाकलंच नव्हतं. त्यातली चुकीची वाक्यं खोडली नाहीत. ती तशीच वाच, आणि मग हे वाच.

हाडं आहेत असं मी दादातुआंना सांगितलं तेव्हा मला ती नसावीत असा संशय होता. फ्रांकफुर्टच्या विमानतळावर, तपासणीच्या रांगेत, मी सॅक कानाशी धरून हलवली होती. आजोबांचं मडकं गाडीत खडखड वाजायचं, तू ते मांडीवर घट्ट धरून बसली होतीस. हे वाजलं नाही. रवा भरलेल्या डब्यासारखा आवाज आला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंच होतं. तरी तीन दिवस गावाने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मला सोसवेना, म्हणून "आहेत" म्हटलं.

त्यांच्यात जाळत नाहीत हे मला माहीत नव्हतं, असं लिहिलं. माहीत होतं. गेल्या दिवाळीत तुमच्या स्वयंपाकघरात, नाइना चकलीचा सोऱ्या फिरवत होता आणि वडिलांना थडग्यातून बाहेर काढलं त्या दिवसाचं सांगत होता. त्यांना खांद्यावर घेऊन तो नाचला होता. मी हातातली चकली खाली ठेवली. तू म्हणालीस, "बघ, याला मळमळायला लागलं." आणि नाइना म्हणाला, "सवय होईल. माझ्या वेळी तुलाही यावंच लागेल, मेहुणा आहेस."

आता बाबांचं. बारा मार्चला त्यांचा फोन आला. मी सांगितलं की पेटीतून पाठवायचं तर सहा हजार नऊशे युरो लागतील, डेपोतल्या लोकांनी तीन हजारांवर जमवलेत, उरलेले बघावे लागतील. बाबा म्हणाले, "पुष्कर, नीट ऐक. बॉडी तिकडे गेली की पोरगी कायमची तिकडची होऊन बसेल. दर वर्षी त्यांचं काहीतरी असणार, आणि ही धावत जाणार. तिथेच काय ते उरकून टाक. राख झाली की ती मोकळी झाली. मूल घेऊन घरी येईल."

मी म्हणालो, "पण ताई..."

"ताईला या अवस्थेत विचारायचं नसतं. तू पुरुष माणूस आहेस ना तिथे?"

मी "हो बाबा" म्हणालो. पण हे सगळं बाबांच्या अंगावर ढकललं तर तेही खोटं होईल. त्यांनी सांगितलं म्हणून मी केलं नाही. मलाही तेच हवं होतं. डिप्लोमा अर्धवट सोडून तीन वर्षं घरी बसलो होतो, तेव्हा तूच मला इथे आणलंस. तुझ्या घरात राहिलो. नाइना चांगला होता, त्याने मला सायकल दिली, रस्ते दाखवले, पण मला सतत वाटायचं की तू आमची होतीस आणि आता नाहीस. तो गेला तेव्हा वाईट वाटलं आणि त्याच्या पाठोपाठ लगेच दुसरं काहीतरी वाटलं. ते काय ते तुला कळेल.

आणि सही. तेरा मार्चला सकाळी. तुझ्या डाव्या हाताला सलाइन होती. मी कागद पुठ्ठ्यावर ठेवून तुझ्यासमोर धरला, कारण तुला बसता येत नव्हतं. दहन की दफन, ते मी आधीच भरून ठेवलं होतं आणि त्या जागेवर माझा अंगठा होता. तू विचारलंस, "हे त्याला घरी पाठवायचंच ना?"

मी म्हणालो, "हो."

तू बघितलंही नाहीस. माझ्याकडे बघून सही केलीस.

हे एवढंच सांगायचं होतं. बाकी सगळी पत्रं त्याच्याभोवती फिरत होती.

काल बाबांचा फोन आला. वोल्फ्सबुर्ग कसं झालं म्हणून विचारलं. मी कुठे होतो आणि का, ते सगळं सांगितलं. बैलाचंही. ते म्हणाले, "बाहेर कोणाला बोलू नकोस." मग म्हणाले, "ताईला माझं नाव सांगितलंस का?" मी म्हटलं, अजून नाही, आज लिहिणार आहे. त्यांनी फोन आईकडे दिला. ती हळूच म्हणाली, "त्याच्या आईची तब्येत बरी आहे का रे?"

तुझी अट अशी होती की नाइनाला घरी पोचव आणि मग बोल. तो पोचला असं मला लिहिता येत नाही. तो दाराच्या आत आहे, जमिनीवर. म्हणून तू बोलावंस असं मी म्हणत नाही.

खालचा हिशेब तुझ्याकडे असावा म्हणून देतो.

पुष्कर

जमा
डेपोतल्या सहकाऱ्यांकडून, नाइनाला घरी पाठवण्यासाठी : ३,१५० युरो

खर्च
अंत्यविधीवाली कंपनी आणि दहन : २,२४०
परवाना, दाखले, भाषांतर : ९५
विमान : १,१८० (यातले ८१५ वरच्या जमेतून, ३६५ माझे)
अंबुहिमेनात राहणं-जेवण : त्यांनी घेतलं नाही

देणं
डेपोतले सहकारी : ३,१५०. हे पैसे राख करण्यासाठी दिलेले नव्हते, म्हणून पूर्ण रक्कम धरली आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही. मंगळवारी सुट्टी घेऊन डेपोत जातोय.
नेनी, मिनीबस आणि रेशीम, तिथल्या चलनात दहा लाख आरियारी : सुमारे १९५
बैल, अठरा लाख आरियारी : सुमारे ३५०. हे पैसे माझ्याच कमाईचे हवेत, तुझे किंवा बाबांचे चालणार नाहीत, असं दादातुआंनी बजावलंय.
एकूण देणं : ३,६९५ युरो. जुलैपासून महिन्याला शंभर बाजूला काढतोय. थडगं २०२८ च्या ऑगस्टमध्ये उघडेल, त्याच्या आत फिटतं.

त्या वेळचं माझं तिकीट : वेगळं साठवीन.
तुझं आणि ओवीचं तिकीट : धरलेलं नाही. तुम्ही येणार की नाही ते मला माहीत नाही.